प्लग तेलकट निघाला, म्हणून इंजिन खोलायचं?

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं नाव गिनीज बुकात गेलं. या महामार्गावर जुन्या गाडीचाही आजार लपतो. बडनेऱ्याहून निघालेली पंधरा-वीस वर्षांची मारुती मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत कुरकुर करत नाही. अकोल्यात शिरून सिग्नलला थांबली, की मात्र थरथरू लागते. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की एक गचका, मग दुसरा, आणि मग कुठे पिकअप. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते.

मिस्त्री बॉनेट उघडतो, प्लग खोलतो. त्यातला एक काळा, ओला, तेलानं माखलेला निघतो. तो मालकाच्या डोळ्यांपुढे धरून मिस्त्री म्हणतो, “भाऊ, इंजिन ऑइल खाऊन राह्यलं. कामाले आलं. खोला लागते.”

यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, शेवटचं मात्र तपासून घ्यावं. प्लगपर्यंत तेल पोचायच्या मुख्य वाटा चार. टॅपेट कव्हरखालची सील गळते, क्रँककेसचा ब्रीदर तुंबतो, व्हॉल्व्हच्या दांड्यावरची सील कडक होते किंवा पिस्टनच्या रिंगा झिजतात. पूर्ण इंजिन उतरवावं लागतं ते यातल्या चौथ्या कारणासाठी. पहिली तीन कामं त्या मानानं कमी खर्चाची आहेत. तरीही चौथ्याच कामाचा अंदाज आधी हाती पडतो, कारण तेल नेमकं कुठून आलं हे शोधायला कुणी थांबत नाही.

महामार्गावर बरी, चौकात आजारी

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची ठिणगी क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या. ही ठिणगी हजारो व्होल्टच्या दाबानं जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तेल आणि काजळीचा थर बसला, की विजेला फट ओलांडायची गरजच उरत नाही. ती थरावरून सरळ बॉडीत उतरते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल जळत नाही आणि गाडी गचका देते.

प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगानं तासभर धावलेल्या गाडीचा प्लग असा स्वतःच साफ होतो. अमरावती शहरात राजापेठ ते पंचवटी एवढीच रोजची फेरी असलेल्या गाडीचा प्लग तेवढा तापतच नाही. शिवाय इंजिन नुसतं चालू ठेवून गाडी उभी असते, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ जोराची असते आणि सैल सीलमधून तीच ओढ तेल आत खेचते. म्हणून “परवाच अकोल्याला जाऊन आलो, काही त्रास नाही” या वाक्यावरून इंजिन ठणठणीत आहे असं ठरत नाही, आणि चौकातल्या थरथरीवरून ते संपलं असंही नाही.

वर्तमानपत्रावर मांडलेले प्लग

पहिली तपासणी घरीही करता येते. गार इंजिनातून सगळे प्लग काढायचे आणि सिलिंडरच्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडायचे. हा क्रम चुकला, तर पुढचं सगळं निदान चुकतं. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर निरोगी. कोरडी, मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस एअर फिल्टरमध्ये अडकते, तेव्हा हाच रंग दिसतो. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. ओला प्लग नाकाजवळ धरावा. पेट्रोलचा वास आला, तर ठिणगीच पडत नाही असं समजायचं. वास नाही पण बोटाला चिकट काळं लागतंय, तर ते तेल.

सगळेच प्लग सारखे काळे असतील, तर दोष सामायिक जागी शोधावा. कार्बोरेटर, फिल्टर, ब्रीदर ही त्या जागांची नावं. एकच प्लग वेगळा निघाला, तर दोष त्या सिलिंडरचा, नाहीतर त्याच्या वायरचा किंवा कॉइलचा. खात्रीसाठी तो प्लग पुसून शेजारच्या सिलिंडरमध्ये लावायचा आणि शेजारचा इकडे. आठवड्याभरानं पुन्हा त्याच नंबरचा प्लग तेलकट निघाला, तर सिलिंडर दोषी. दोष प्लगबरोबर सरकला, तर नवा प्लग आणला की झालं. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये एक सिलिंडर गेला तर एक तृतीयांश ताकद गेली. म्हणूनच तिची मिसिंग चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा जास्त जाणवते.

साधारण २०१० नंतरच्या बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावता येतो. ‘पी ०३०१’ हा कोड पहिल्या सिलिंडरची मिसिंग सांगतो, ‘पी ०३०२’ दुसऱ्याची. पण त्या सिलिंडरमध्ये तेल का आलं, हे स्कॅनर सांगत नाही. त्यासाठी प्लगच काढून पाहावा लागतो.

गचके देणारी प्रत्येक गाडी तेल खाणारी नसते, हेही लक्षात ठेवावं. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते यासाठी. हा गचका भर दुपारी येतो आणि इंजिन निवलं की जातो. तेलकट प्लगची थरथर उलट सकाळी पहिल्या स्टार्टला जास्त असते. पावसाळ्यात भेगा पडलेल्या प्लगवायरी आणखी एक सोंग आणतात. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, तर वायरीवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसतात.

तेल प्लगच्या वर की खाली?

आता कळीचा प्रश्न. प्लग हातात घेऊन पाहा. तेल आट्यांच्या वर, षटकोनी भागावर आणि चिनी मातीवर आहे की खाली, जिथे ठिणगी पडते त्या टोकावर?

ज्या इंजिनात प्लग हेडच्या मधोमध खोल विहिरीत बसतात, त्यात टॅपेट कव्हरखालच्या गोल सील कडक झाल्या की तेल विहिरीत साचतं. कॉइलचं रबरी बूट त्या तेलात भिजतं, वीज बाहेरच्या बाहेर गळते आणि गाडी मिसिंग मारते. सिलिंडरच्या आत मात्र तेलाचा थेंबही गेलेला नसतो. प्लगचं टोक कोरडं तपकिरी असतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, विहिरीच्या सील आणि गरज पडली तर नवं बूट, एवढ्यावर काम भागतं. घाईत मात्र असाही प्लग मालकाला ‘तेलकट प्लग’ म्हणूनच दाखवला जातो. प्लग काढण्याआधी विहिरीतलं तेल फडक्यानं टिपून घ्यावं, नाहीतर ते आट्यांवरून खाली उतरून टोकही माखवतं आणि पुरावा बिघडतो.

तेल टोकावरच असेल, तर आधी ब्रीदर पाहावा. पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो पाइपातून परत इनटेककडे जातो. पाइप चिकट्यानं तुंबला किंवा त्यातला व्हॉल्व्ह अडकला, की आत दाब वाढतो आणि तेल नको तिथे ढकललं जातं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला, तर खुळखुळ वाजायला हवा. आणि डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही वर असेल, तर आधी तेवढं तेल काढून टाका. इंजिनचं काम नंतर बघू.

चिखलदऱ्याचा घाट सांगतो

उरल्या दोन वाटा, व्हॉल्व्ह सील आणि रिंगा. सपाट रस्त्यावर त्या वेगळ्या काढणं अवघड असतं, पण अमरावती जिल्ह्याला त्यासाठी घाट लाभला आहे. परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला दिवाळीच्या सुट्टीत सहल काढणार असाल, तर मागे दुसरी गाडी ठेवा आणि तिच्यातल्या माणसाला तुमच्या सायलेन्सरवर नजर ठेवायला सांगा.

चढताना, इंजिनवर भार असताना निळसर धूर सतत येत राहिला, तर संशय रिंगांवर. जळणाचा दाब रिंगांतून खाली सुटतोय आणि भिंतीवरचं तेल वर राहून जळतंय. चढताना धूर नाही, पण उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून किलोमीटरभर आल्यावर पुन्हा पाय दिला आणि मागे निळा ढग उठला, तर दोष व्हॉल्व्हच्या सील-गाइडचा. बंद थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमधली ओढ वाढते, ती व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल खाली खेचते आणि पाय देताच साचलेलं तेल एकदम पेटतं. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी पहिल्या स्टार्टला एकदाच निळा धूर सोडणं, हीही सीलचीच खूण. पांढरा धूर पाण्याचा आणि काळा पेट्रोलचा. त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

आकडे मागा

धुरावरून बांधलेला अंदाज कॉम्प्रेशन गेजनं पक्का करावा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरमध्ये गेज लावून स्टार्टर काही फेरे फिरवायचा आणि आकडा कागदावर लिहायचा. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण दीडशे पीएसआयच्या आसपास किंवा वर असतं. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा इतरांहून १०-१५ टक्क्यांनी खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. तेलानं रिंगांची फट क्षणभर बुजते. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर गेलं. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेड गॅस्केट उडालंय.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची सील गेली, तरी कॉम्प्रेशन चांगलंच येतं, कारण ती सील दाब धरत नाही, तेल धरते. म्हणजे आकडे सगळे सारखे आणि चांगले, तरीही प्लग तेलकट, असं असेल तर ती वाईट बातमी नाही. अशा वेळी बऱ्याच इंजिनांत हेडही उतरवावं लागत नाही. जाणता मिस्त्री प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडतो आणि हातानं क्रँक फिरवून पिस्टन वर आणतो. दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून आधार देतो. मग स्प्रिंग काढून जुनी सील उपटायची आणि नवी बसवायची. दोरीचं एक टोक मात्र बाहेर राहायला हवं.

रिंगाच गेल्या असतील, तर हिशोब वेगळा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं आणि त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते. न जळलेलं पेट्रोल आणि तेल धुरात असलं, तर पीयूसीतला हायड्रोकार्बनचा आकडाही वाढतो. डिपस्टिकवर मोजून हजार किलोमीटरला एक लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल, तर बोअरसह काम करावं किंवा गाडी द्यावी. त्याच्या निम्मंही लागत नसेल, तर नवे प्लग टाकून, तेलाची पातळी पाहत ती आणखी काही वर्षं चालवता येते.

कुठलंही काम केलं, तरी पैसे देताना मिस्त्रीकडून दोन गोष्टी घ्याव्यात. काढलेले जुने सुटे भाग आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे. मग पाचशे किलोमीटर गाडी चालवून नवे प्लग पुन्हा काढा आणि क्रमानं मांडा. सगळे फिकट तपकिरी निघाले, तर निदान बरोबर होतं. एकही ओला निघाला, तर त्याच नंबरपासून पुन्हा सुरुवात करा आणि या वेळी मिस्त्रीला तो नंबर तुम्हीच सांगा.