टाकीतला मृग

मृगाच्या सरी कोसळल्या की रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या पऱ्यांत, म्हणजे ओढ्यांत, मासे चढणीला लागतात. वळगणीच्या पाण्याबरोबर शेतात शिरतात आणि उथळ, गवताळ जागी अंडी टाकतात. नेमक्या याच दिवसांत पोरं मच्छरदाणीचा तुकडा घेऊन पऱ्यात उतरतात. त्यात सापडलेले पिकू, मळ्ये आणि बारकी खवली मग घरच्या काचेच्या टाकीत येऊन पडतात. काही महिने सगळं गोडीगुलाबीने चालतं. मग एखाद्याची शेपटी फाटते, दुसरा फिल्टरमागे दडून बसतो आणि घरात निकाल लागतो : गावठी मासे भांडकुदळच!

माशांची बाजू कुणी घेत नाही म्हणून सांगतो. हा मृग टाकीत बहुतेकदा आपणच आणतो. रविवारी अर्धी टाकी उपसायची, विहिरीचं गार पाणी थेट ओतायचं आणि वर डासांच्या अळ्या खायला घालायच्या. कोकणातल्या जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ. अचानक गारवा, मऊ पाणी आणि जिवंत खाणं एकत्र आल्यावर माशाला पाऊस सुरू झाला असंच वाटणार. नर रंगावर येतात, कोपरे अडवतात, माद्यांच्या मागे लागतात. पिल्लं नको असतील तर एका वेळी टाकीतलं पाचवा हिस्सा पाणीच बदला आणि तेही आदल्या रात्री घरात भरून ठेवलेलं. अळ्या सणासुदीला, एरवी चिमूटभर कोरडं खाणं पुरे.

पिकूचं गणित सोपं आहे. हा पृष्ठभागाचा मासा. मादी तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत रोज थोडी थोडी अंडी चिकटवते. त्या वनस्पती काढल्या की प्रश्न बराचसा मिटतो आणि उरलेली पिल्लं मोठे पिकूच गिळतात. हे क्रूर वाटेल, पण पऱ्यातही तेच घडतं. नर मात्र एकच ठेवा, माद्या दोन-तीन. खवलींचं उलट, ती दोन-तीन ठेवली तर त्यातली एक मार खाते. आठ-दहा असली की भांडण वाटलं जातं.

खरी कसोटी काळुंदराची. केरळचा करीमीन तो हाच. खाडीचा मासा, पण गोड्या पाण्यातही तगतो, म्हणून हौशी लोक पिल्लं आणून टाकतात. नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे नुसते नर पाळायची सोय नाही. जोडी जमली की दोघं मिळून एखादा दगड तोंडाने घासून लख्ख करतात. त्यावर देठांनी टांगलेली शेकडो अंडी दिसतात. एक पंखांनी पाणी हलवत बसतो, दुसरा पहारा देतो. पिल्लं निघाली की त्यांना तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यांत नेतात. हा पहारा बिनकारणाचा नाही. १९७० च्या दशकात जॅक वॉर्ड आणि रिचर्ड वायमन या संशोधकांनी श्रीलंकेच्या खाडीत पाहिलं, की काळुंदराचा छोटा पिवळा भाऊबंद त्याची अंडी-पिल्लं खातो. तीन फुटी टाकीत पळायला जागाच नाही, म्हणून तिथे तो पहारा इतरांच्या जिवावर उठतो.

अनेक जण अंड्यांचा दगड उचलून टाकतात. मला हा उपाय पटत नाही, कारण वीण गेली की जोडी पुन्हा लवकर अंड्यावर येते आणि मारामारी नव्याने सुरू होते. मध्ये काच किंवा जाळी घालून जोडीला वेगळं करा, पिल्लं त्यांच्यापाशी राहू द्या. जोडी नकोच असेल तर एकटा काळुंदर पाळा. जांभ्याचे दगड असे रचा, की एका टोकाकडून दुसरं दिसू नये. नवा मासा सोडताना दिवा बंद ठेवून दगडांची जागा बदला, जुन्या मालकांचे सातबारे आपोआप रद्द होतात.

राहता राहिली जास्तीची पिल्लं. ती पऱ्यात किंवा गौतमी नदीत सोडणं हे पुण्यकर्म समजू नका. दुकानातून आणलेला देशी मासाही दुसऱ्या नदीचा असू शकतो आणि टाकीतले रोग तो सोबत घेऊन जातो. पिकूची पिल्लं शेजाऱ्याच्या बंद हौदात द्या, डासांच्या अळ्या संपवतील. बाकीच्यांचं काय करायचं हे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा. १९८१ पासून रत्नागिरीत तिथे मत्स्यविज्ञानाचं शिक्षण दिलं जातं.