ओहायोचा पूर, आकाशातून

1937 च्या जानेवारीत ओहायो नदीला आलेल्या महापुराची, वृत्तपत्रांच्या दफ्तरांतून पुढे जुन्या बाजारात आलेली काही छायाचित्रे भिंगाखाली धरली असता प्रथम ध्यानात येते ते हे, की ढगाळ आभाळाखालचा गढूळ प्रवाह, ओली छपरे आणि रस्ते ही सारी एकाच करड्या छटेत इतकी मिसळून गेलेली असतात, की नदी कोठे संपली व नगर कोठे सुरू झाले याचा निवाडा तारांच्या खांबांवरून आणि अर्ध्या बुडालेल्या झाडांवरूनच करावा लागतो.

सिनसिनाटीस 26 जानेवारीला पाण्याची पातळी 80 फुटांपर्यंत चढली आणि लुईव्हिलचा सुमारे 70 टक्के भाग जलमय झाला, हे आकडे सर्वश्रुत आहेत. परंतु रोज पायांखाली असूनही रहिवाशांच्या गावी नसलेला शहराचा चढउतार पाण्याच्या कडेने जसा रेखला जातो, तसा तो दिसण्यास विमानच हवे. माणसे मात्र तेथून दिसत नाहीत. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’साठी टिपलेली, अमेरिकन राहणीमानाची थोरवी गाणाऱ्या जाहिरातफलकाखाली मदतीसाठी तिष्ठणाऱ्या कृष्णवर्णीय पूरग्रस्तांची रांग ही जमिनीवर उभे राहूनच मिळणारी होती.

विमानातले काम मोठे अवघड. वाऱ्याच्या झोताने भाता फडफडू नये म्हणून ‘स्पीड ग्राफिक’सारखा अवजड कॅमेरा खिडकीबाहेर काढावयाचा नाही, आणि इंजिनाची थरथर हातांत उतरू नये म्हणून कोपर विमानाच्या अंगाला टेकावयाचे नाही; वैमानिकाने पंख कलता करून वाट मोकळी करताच कळ दाबावयाची, आणि लगेच, गारठलेल्या बोटांनी, पुढल्या फिल्मची तजवीज करावयाची.

एवढे करून हाती आलेले चित्र छापखान्याच्या ठिपक्यांत टिकेल याची शाश्वती नसल्यामुळे दफ्तरातला रंगकार कुंचल्याने छपरांच्या कडा पांढऱ्या आणि सावल्या काळ्या करी. तारेने छायाचित्रे धाडण्याची व्यवस्था असोसिएटेड प्रेसने 1935 च्या आरंभी सुरू केली होती, आणि त्या प्रवासात बारीक तपशील आणखी झिजत, तेव्हा कुंचल्याची गरज उघड आहे. या रंगकामाला बनावट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कडा होती तेथेच ती ठळक केली, तर तक्रार कसली? पण माझ्याजवळच्या एका चित्रात एका गल्लीभर लाटा रंगवल्या आहेत, आणि शेजारच्या घरांची प्रतिबिंबे त्याच पाण्यात निश्चल पडली आहेत.