विश्लेषण : चर्च उघडले, पण लोकल बंद! एकाकी काळात ख्रिस्ती समाजाने एकमेकांना कसे धरून ठेवले?

आंबिवलीहून कल्याणला जाताना मध्ये फक्त शहाड लागते. एरवी हे अंतर कुणी मोजत नाही. मात्र २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि रविवारी मिस्सेला किंवा उपासनेला कल्याण गाठणाऱ्यांसाठी ही दोन स्थानके फार लांब गेली. त्या वर्षीचा १० एप्रिलचा गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा ईस्टर घरातच गेला. करोनाकाळातील एकटेपणावर पुष्कळ लिहून झाले आहे. पण ज्या धर्मात एकत्र जमून एका भाकरीत वाटेकरी होणे हा उपासनेचा गाभा आहे, तिथे लोक एकमेकांपासून तुटल्यावर काय झाले?

७७ दिवसांचा पेच

राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. सर्वसामान्यांसाठी लोकल सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांत. महिलांना ऑक्टोबरपासून मुभा होती, पण तिलाही वेळेचे बंधन होते. म्हणजे तब्बल ७७ दिवस चर्चचे दार उघडे आणि तिथवर नेणारी गाडी बहुतेकांसाठी बंद. नाताळ नेमका याच काळात आला. २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्री ११ नंतर संचारबंदी लागू झाल्याने मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होणे शक्यच नव्हते. घरात दुचाकी असेल तर मार्ग निघत होता. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना तोही नव्हता, शिवाय ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे, असा सरकारी सल्ला होता.

मोबाइलवरून काय पोहोचते, काय नाही?

इथे अनेकांची गल्लत होते. यूट्यूबवर मिस्सा पाहता येते, झूमवर रोझरी म्हणता येते. मात्र कॅथलिक परंपरेत कम्युनियन पडद्यावरून घेता येत नाही आणि कन्फेशन फोनवर होत नाही, त्यासाठी धर्मगुरू समोर असावा लागतो. त्यामुळे जुन्या वाटेचा आधार घेतला गेला. प्रत्यक्ष कम्युनियन मिळत नसेल, तर ते मिळावे अशी मनापासून प्रार्थना करायची. अशी एक प्रार्थना १८व्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांनी रचली होती, तीच ऑनलाइन मिस्सेत ठिकठिकाणी म्हटली गेली. कन्फेशनबाबत व्हॅटिकनने २० मार्च २०२० रोजी खुलासा केला की, मनापासून पश्चात्ताप करून शक्य होताच कन्फेशन करण्याचा निश्चय केला, तरी क्षमा मिळते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकमत नव्हते. काहींनी घरीच भाकरी आणि द्राक्षरस घेऊन पाळकांबरोबर ऑनलाइन प्रभुभोजन केले, तर काहींनी पुन्हा एकत्र येईपर्यंत थांबणे पसंत केले. दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती.

सगळ्यात अवघड होते ते अंत्यविधी. उपस्थितीची मर्यादा २० जणांची. त्या दिवसांत घरी जाऊन हात हातात घेणे राहून गेले ते राहूनच गेले. त्याची भरपाई कोणत्याही लिंकने झाली नाही.

मग आशा कशाची?

योहानाच्या शुभवर्तमानातील पहिला ईस्टरही बंद दारांआडचाच आहे. शिष्य भीतीने दारे लावून बसलेले असतात आणि येशू तिथेच त्यांच्यात येऊन उभा राहतो. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले तेही तुरुंगातून. २०२०मध्ये हे संदर्भ अनेकांना नव्याने भिडले.

मराठी ख्रिस्ती समाजाला तुटलेपण नवे नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नातलग दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या दिवसांची हकिकत ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात, आणि ती घरी एकट्यानेही म्हणता येतात.

आता काय?

लोकल धावू लागली तरी जिना न उतरू शकणारे, मुले परदेशी असलेले ज्येष्ठ घरातच आहेत. कॅथलिक चर्चमध्ये आजारी आणि वृद्धांकडे कम्युनियन घरपोच नेण्याची पद्धत आहे. अनेक ठिकाणी त्यासाठी महिन्याचा पहिला शुक्रवार ठरलेला असतो. धर्मगुरूंबरोबरच त्यासाठी नेमलेले सामान्य श्रद्धावंतही घरी जातात. पण त्यांच्या यादीत नाव असावे लागते आणि ते आपोआप येत नाही. चर्चच्या कार्यालयात किंवा आपल्या भागातील ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाला एक फोन करावा लागतो. हा फोन शेजाऱ्यानेही केला तरी चालतो.