यंत्र बिघडलं नव्हतं, घुसमटलं होतं!

माझी धाकटी जाऊ बेळगावची, कॉफी पिणारी. आमचं वैरागचं घर मात्र पक्कं चहाचं. लग्नानंतर वर्षभर ती बिचारी निमूटपणे चहाच प्यायली. मग दिवाळीला तिच्या माहेरून विजेवरचं कॉफीचं यंत्र आलं. "आता हे कशाला? वीज जाळायला?" असं म्हणणाऱ्या सासूबाईंनीच पहिल्या दिवशी दुसरा कप मागितला!

सहाएक महिन्यांत यंत्र रुसलं. दहा मिनिटांत होणारी कॉफी अर्ध्या तासातही होईना. नुसती घुरघुर, वाफ आणि भांड्यात चार थेंब. दुरुस्तीवाल्यानं वरवर बघून सांगितलं, "कॉइल गेली, नवीन घ्या." सासूबाई म्हणाल्या, "द्या भंगारात." जाऊ काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप आपल्या कपात चहा ओतून घेतला.

मैत्रिणींनो, मला ते बघवेना. बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना सांगते, 'आपलं म्हणणं मांडा.' आणि माझ्याच घरात जाऊ अशी गप्प!

मी विचार केला, वाफ येतेय म्हणजे कॉइल तापतेय. मग पाणी अडतंय कुठं? प्लग काढला, यंत्र गार होऊ दिलं आणि झाकण उघडलं. आत पांढरा थर! पाणी तापवायच्या हिटरवर बसतो, अगदी तसाच. आमचं बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार तापल्यावर साचतात.

या यंत्राचं काम साधं असतं. टाकीतलं पाणी खालच्या बारीक नळीत उतरतं, तिथं कॉइल ते उकळते आणि वाफेचे बुडबुडे पाणी वर ढकलतात. मग ते गाळणीतल्या पावडरीवर ठिबकतं. नळीत क्षार साचले की वाटच बंद. माझे दीर द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या तुंबल्या की ॲसिड सोडतात. म्हटलं, हेही ठिबकच की! (शेतातलं ॲसिड मात्र स्वयंपाकघरात चुकूनही आणू नका.)

किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून टाकीत ओतलं. पावडर अर्थातच घातली नाही. निम्मं पाणी ठिबकल्यावर यंत्र बंद करून अर्धा तास तसंच ठेवलं, मग उरलेलं सोडलं. लिंबूसत्व नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्या. नंतर साध्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या करा, नाहीतर कॉफी आंबट लागते. आमचं पहिलं पाणी गढूळ आलं, तिसऱ्या फेरीला धार मोकळी झाली. आता महिन्याला एकदा हे करतो आणि कॉफीला पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरतो.

आणखी काही तक्रारी नेहमीच्या. गाळणी भरून कॉफी बाहेर सांडते? पावडर फार बारीक असेल. आपल्याकडची चिकोरी घातलेली बारीक पावडर पितळी फिल्टरसाठी ठीक, यंत्राला जरा जाडसर, रव्यासारखी हवी. गाळणीखालची छोटी झडपही चिकटते, ती गरम पाण्यानं धुवा. कॉफी पाणचट होते? लिटरला साधारण ५५ ते ६० ग्रॅम पावडर लागते. कडू होते? तापत्या तव्यावर तासभर ठेवू नका, थर्मासमध्ये ओता.

दोन गोष्टींत मात्र धाडस नको. यंत्राच्या बुडातून पाणी गळत असेल किंवा जळका वास येत असेल, तर प्लग काढून जाणकाराकडेच न्या. आणि मुलानं अमेरिकेहून यंत्र पाठवलं, तर आधी बुडाची पट्टी वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट जोडलं, तर ते जळणारच.

आणि हो, कॉफी गाळायच्या कागदाची कल्पना कुणाची, ठाऊक आहे? जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची! कॉफीतला गाळ आणि कडवटपणा नको, म्हणून तिनं पितळी भांड्याला भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि १९०८ मध्ये पेटंटही मिळवलं. तिनं 'हे बायकांचं काम नाही' म्हणून सोडून दिलं असतं तर?

आता सकाळी आमच्याकडं चहाचं आधण आणि कॉफीची ठिबक शेजारी शेजारी चालते. परवा पाणी ठिबकायला जरासा उशीर झाला, तर सासूबाईच म्हणाल्या, "अगं, लिंबूसत्व संपलंय का बघ. तिची कॉफी व्हायचीय."

जाऊ हसली. मीही.