जुना तंतू, नवा तंतू

२००९ साली प्रथम उडालेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा, मुख्यतः कार्बन तंतू व राळ यांचा, आहे. असे विमान मोडीत निघाल्यावर तंतूंचे काय करायचे? पुरून टाकले, तर ते बनवताना खर्चलेली भरपूर ऊर्जा वाया जाते. म्हणून तुकडे हवा रोखून सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवतात. राळेचे विघटन होते, तंतू उरतात.

ते नव्याइतके चांगले असतात का? ताठरपणात, म्हणजे यंगच्या गुणांकात, जवळजवळ तितकेच! हा गुण आतील कार्बनच्या थरांच्या मांडणीवर अवलंबून असतो, आणि तंतू मुळात हजार अंशांहून अधिक तापवूनच बनवलेला असतो. ताणबल मात्र काहीसे घटते. कारण तंतू तुटतो तो सर्वांत वाईट ओरखड्यापाशी, आणि तापवताना, हाताळताना ओरखडे वाढतात.

खरे नुकसान निराळेच. अखंड तंतू आखूड होऊन पिंजलेल्या कापसासारखे गुंततात. त्यांना पुन्हा एका दिशेत दाटीने बसवणे कठीण. म्हणून ते बहुधा विमानाच्या पंखात न जाता प्लास्टिकमध्ये मिसळले जातात.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, एखादा पदार्थ ‘मजबूत’ आहे असे कोणी म्हटले, तर जरूर विचारा: ताठ, की न तुटणारा?