तंबाखूचा चोरटा व्यापार आणि नोंदणीची वही

एकाच कारखान्यांत एकाच दिवशीं तयार झालेलीं सिगारेटचीं दोन पाकिटें आपल्यापुढें ठेविलीं आहेत अशी कल्पना करा. रंग तोच, छाप तीच, आंतील तंबाखूही तीच. परंतु एकावरील कर सरकारी तिजोरींत जमा झाला आहे आणि दुसरें कर चुकवून, रात्रीच्या वेळीं सरहद्द ओलांडून आलें आहे. या दोहोंतील चोरटें कोणतें, हें नुसत्या डोळ्यांनीं कोणी सांगूं शकेल काय? तंबाखूच्या चोरट्या व्यापाराचें बळ याच अडचणींत आहे. ती दूर करण्यासाठीं मालाच्या नोंदणीची जी पद्धति अनेक देशांनीं स्वीकारली, तिची ओळख आज करून द्यावयाची आहे.

यांत बिघडलें काय, सरकारचे चार पैसे बुडाले एवढेंच ना, असें कोणी विचारील. परंतु तंबाखूवर जबर कर बसवितात त्यांत उत्पन्नाखेरीज आणखी एक हेतु असतो. किंमत चढली कीं गिऱ्हाइकाचा हात आखडतो, आणि सर्वांत आधीं आखडतो तो कोंवळ्या मुलांचा व गरिबांचा. कारण त्यांच्याच खिशांत पैसा थोडा. चोरटा स्वस्त माल नेमकें या कुंपणाला भगदाड पाडतो.

कॅनडाची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. १९९० नंतर तेथें सिगारेटवरील कर बराच वाढला. निर्यातीच्या मालावर मात्र तो कर पडत नसे. तेव्हां कागदोपत्रीं अमेरिकेंत गेलेल्या कॅनडाच्याच सिगारेटी सेंट लॉरेन्स नदी ओलांडून गुपचूप परत येऊं लागल्या. अखेर फेब्रुवारी १९९४ मध्यें सरकारनें हात टेकले व कर उतरविला. पुढें २००८ सालीं इंपीरियल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन अँड हेजिस या दोन कंपन्यांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला. विनाशिक्क्याचा माल विकणारांस व बाळगणारांस त्यांनीं साह्य केलें होतें. दोघींना मिळून ३० कोटी कॅनेडियन डॉलर दंड झाला. पण कर उतरविल्यास तोंवर चौदा वर्षें लोटलीं होतीं.

येथें उणीव कशाची होती? शिक्का होता, पण मालाची वाट दाखविणारी वही नव्हती. टपालाचें उदाहरण घ्या. साध्या पत्रावरचें तिकीट पैसे भरल्याची खूण असतें. पत्र पुढें कोठें गेलें, हें तें सांगत नाहीं. आपल्या टपालखात्यांत २०२५ पर्यंत रजिस्टर पत्राची जी रीत होती ती निराळी. त्या पत्राला क्रमांक मिळे, तें ज्या हातांतून जाई त्या हाताची नोंद होई, आणि पत्र हरवलेंच तर शेवटची नोंद कोणाची हें पाहतां येई. कराचा शिक्का हा तिकिटासारखा आहे. मालाची नोंदणी ही रजिस्टर पत्रासारखी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रण करारास जोडलेला एक पुरवणी-करार १२ नोव्हेंबर २०१२ रोजीं सोल येथें संमत झाला व २५ सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. नोंदणी हा त्याचा कणा आहे. युरोपियन संघानें २० मे २०१९ पासून सिगारेट व हातानें वळावयाच्या तंबाखूस, आणि २० मे २०२४ पासून तंबाखूच्या इतर मालासही ही पद्धति लागू केली.

तींत प्रथम माणसांची, मग जागांची आणि मग यंत्रांची नोंद होते. कारखानदार, आयात करणारा, घाऊक व्यापारी व किरकोळ दुकानदार या प्रत्येकास एक क्रमांक. त्याच्या कारखान्यास, वखारीस वा दुकानास दुसरा. आणि कारखान्यांतील यंत्रास तिसरा. त्यानंतर प्रत्येक पाकिटाला, दुसऱ्या कोणत्याही पाकिटास नसेल असा, क्रमांक देतात. पाकीट केव्हां, कोणत्या यंत्रावर व कोणत्या देशाच्या बाजारासाठीं तयार झालें, हें त्यावरून कळतें. पाकिटें मोठ्या खोक्यांत भरलीं म्हणजे त्या खोक्यालाही क्रमांक मिळतो व आंतील पाकिटें त्याच्याशीं जोडलीं जातात. म्हणून वाटेंत खोकें फोडून मोजावें लागत नाहीं. माल वखारींतून निघाला कीं नोंद, दुसऱ्या वखारींत पोंचला कीं नोंद, अशी ही सांखळी पहिल्या किरकोळ दुकानाच्या दारापर्यंत जाते. स्पेनसाठीं निघालेलें पाकीट भलत्याच देशांतील दुकानांत सांपडलें, तर तें कोणाच्या हातून निसटलें हें अंमलदारास विचारतां येतें. क्रमांकच नसेल, किंवा एकच क्रमांक दहा पाकिटांवर असेल, तर लबाडी उघडी पडते.

वही कोणाच्या हातीं असावी, हा कळीचा प्रश्न आहे. सिगारेट-कंपन्यांनीं स्वतःच एक क्रमांकपद्धति तयार करून सरकारांपुढें ठेविली होती. कॅनडाची हकीकत ऐकल्यावर तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे द्यावी काय, हें वेगळें सांगावयास नको. सरकारांवर टाकलेलीं हीं कर्तव्यें तंबाखूच्या उद्योगाकडे सोंपवूं नयेत, असें स्पष्ट कलम करारांत आहे तें याचसाठीं.

भारत जून २०१८ मध्यें या करारांत सामील झाला. २०२४ सालीं तंबाखू व पानमसाला भरणाऱ्या यंत्रांची नोंद करण्याचा नियम निघाला आणि नोंद न केलेल्या प्रत्येक यंत्रामागें एक लाख रुपये दंडाची तरतूद झाली. २०२५ च्या वित्त-कायद्यानें ठराविक मालावर ओळखखूण लावून त्याचा माग ठेवण्याची तरतूद जी. एस. टी.च्या कायद्यांत घातली. परंतु आपल्याकडील अडचणीही आपल्याच आहेत. पानाच्या ठेल्यावर पुष्कळ गिऱ्हाइकें पाकीट न घेतां एकच सिगारेट घेतात. क्रमांक पाकिटावर, आणि सिगारेट हातांत! महाराष्ट्र सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास बंदी केली, तिचें मोल या दृष्टीनेंही मोठें आहे. विडी तर सोलापुरासारख्या ठिकाणीं बायका घरीं बसून हातानें वळतात. तेथें नोंदवावयास यंत्रच नाहीं; तिची नोंद विड्यांचे कट्टे बांधले जातात तेथूनच सुरू करावी लागेल.

नोंदणीनें तंबाखू निरुपद्रवी होत नाहीं, आणि चोरट्या कारखान्यावर छापा घालावयास अंमलदारालाच जावें लागतें, हें विसरून चालणार नाहीं. परंतु कोणतें दार ठोठवावें, हें त्याला वही सांगते. लोकांच्या आरोग्यासाठीं बसविलेला कर चोरांच्या धाकानें उतरविण्याची पाळी पुन्हां कोणत्याही सरकारवर येऊं नये, एवढ्यासाठीं हा क्रमांकांचा सारा खटाटोप आहे.