दूरनियंत्रित मोटारीचे दिवे

१८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत् प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका सोडली. तिला कोणतीही तार जोडलेली नव्हती. तरीही रेडिओ लहरींच्या आज्ञेने ती वळत असे आणि तिच्यावरील दिवे उघडझाप करीत असत. दूरनियंत्रण आणि दिवे यांची सोबत अशी आरंभापासूनची आहे. आज बाजारात मिळणाऱ्या दूरनियंत्रित मोटारींच्या प्रतिकृतींना मात्र पुष्कळदा दिव्यांची केवळ चित्रे चिकटवलेली असतात. त्या जागी खरे दिवे बसविणे हा विद्युत्‌शास्त्राचा एक उत्तम प्राथमिक पाठ होय.

दिव्यांचा उपयोग

हे दिवे निव्वळ शोभेचे नव्हेत. मोटार चालकापासून दूर जात असता तिचे डावे ते चालकाचे डावे असते. परंतु तीच समोरून येऊ लागली की डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. सायंकाळच्या अंधुक प्रकाशात दहा-वीस पावलांवरील मोटारीचे तोंड कोणीकडे आहे हे ओळखता न आल्यास ती भिंतीवर किंवा पाहणाऱ्यांच्या पायांवर आदळावयास वेळ लागत नाही. पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा असला म्हणजे ही दिशा तत्काळ कळते. जहाजांच्या व विमानांच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो, तोही याच कारणास्तव.

योग्य दिवा, योग्य रोध

या कामास प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजेच एलईडी, सर्वांत सोयीचे. तांबडा प्रकाश देणारा असा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. पांढऱ्या डायोडसाठी मात्र निळ्याची वाट पाहावी लागली. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की दोहोंच्या मिश्रणाने पांढरा प्रकाश मिळतो. निळ्या डायोडच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डायोडमधून प्रवाह एकाच दिशेने जातो. त्याचा लांब पाय धन बाजूस जोडावयाचा. उलट जोडल्यास तो उजळत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डायोड उजळू लागल्यावर दाब किंचित वाढला तरी प्रवाह भराभर वाढतो व डायोड जळून जातो. म्हणून त्याच्याशी रोधक एकसरीत जोडलाच पाहिजे. मोटारीतील रेडिओ-ग्राहकाकडून ५ व्होल्ट दाब मिळतो असे समजू. तांबडा डायोड सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेले ३ व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. प्रवाह १५ मिलिअँपिअर हवा असल्यास ओहमच्या नियमाने रोध २०० ओहम येतो. बाजारात मिळणारा त्याच्या जवळचा मोठा रोधक २२० ओहमचा. पांढरा डायोड सुमारे ३ व्होल्ट घेतो, म्हणून त्यास १५० ओहमचा रोधक पुरतो. काही ग्राहकांस ६ व्होल्ट मिळतात. त्या वेळीही याच रोधकांनी प्रवाह २० मिलिअँपिअरपलीकडे जात नाही. तथापि जोडणीपूर्वी दाब मापकाने मोजून घेणे श्रेयस्कर.

दोन पांढरे डायोड एकसरीत जोडल्यास ६ व्होल्ट लागतील व ५ व्होल्टांवर ते नीट उजळणार नाहीत. ते समांतर जोडून दोहोंत मिळून एकच रोधक घातला तर प्रवाहाची वाटणी असमान होते. यास्तव प्रत्येक दिव्यास स्वतंत्र रोधक, हा नियम पाळावा. अशा चार दिव्यांना मिळून ५५ मिलिअँपिअरही लागत नाहीत. मोटार चालविणाऱ्या मोटरच्या कित्येक अँपिअरांपुढे हा भार नगण्य होय.

ब्रेकचा दिवा

चालकाने ब्रेक लावताच मागील दिवा प्रखर व्हावा अशी इच्छा असल्यास मोटारीला मिळणारी आज्ञा वाचावी लागते. ग्राहक आपल्या गतिनियंत्रकाकडे सेकंदास सुमारे ५० विद्युत् स्पंद पाठवितो. स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असल्यास अर्थ ‘स्वस्थ राहा’. सर्वसाधारणपणे २ मिलिसेकंदांकडे जाता ‘पुढे’, आणि १ कडे येता ‘ब्रेक’. एक लहानसा सूक्ष्मनियंत्रक ही लांबी मोजून दिवा उजळवितो. येथे एक अडचण आहे. अनेक गतिनियंत्रकांत तीच आज्ञा प्रथम ब्रेक लावते आणि खटका मधल्या स्थितीत आणून पुन्हा ओढल्यावर मोटार मागे नेते. म्हणून आधीची आज्ञा कोणती होती, हेही सूक्ष्मनियंत्रकाने स्मरणात ठेवावे लागते. एकच तांबडा दिवा एरवी मंद दिसावा म्हणून तो अतिशय वेगाने उघडझाप करीत ठेवतात. डोळ्यास ती उघडझाप न जाणवता केवळ मंद प्रकाश भासतो.

जोडणीतील दक्षता

स्पर्धेच्या प्रतिकृतींचे कवच बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे असून त्यास आतून रंग दिलेला असतो. दिव्याची जागा रंग देण्यापूर्वीच झाकून ठेवावी, म्हणजे तेथे स्वच्छ काच राहिल्यासारखे दिसते. रंगातून प्रकाश झिरपू नये म्हणून आतून काळ्या रंगाचा आणखी एक हात द्यावा. कवच वारंवार काढावे लागते. तेव्हा तारांच्या मध्ये सुटी होणारी जोडणी ठेवणे अगत्याचे.

डाख दिलेला प्रत्येक सांधा विद्युत्‌रोधक नळीने झाकला पाहिजे. धावत्या मोटारीच्या हादऱ्यांनी तारा घासतात आणि उघड्या पडून एकमेकींस भिडतात. तसे झाल्यास ग्राहकाचा दाब कोसळतो, आज्ञा ऐकू येईनाशी होते आणि वेगातील मोटार अनावर होऊ शकते. घटमालेच्याच तारा भिडल्या तर लिथियमची घटमाला पेट घेण्याचाही संभव असतो. म्हणून काम पुरे झाल्यावर चाके जमिनीपासून उचलून धरावीत, सर्व दिवे लावावेत, आणि प्रेषक दूर नेऊन प्रत्येक आज्ञा पाळली जाते की नाही ते पाहावे. दिवे लागले एवढ्याने काम संपत नाही; दिवे लागलेले असताना मोटार पूर्ववत आज्ञाधारक राहिली, म्हणजेच ते सिद्धीस गेले.